वाळूवरचा मासा : ‘क्वो वादिस’ आणि रोमचे परके

रोममधल्या एका निवृत्त सेनापतीच्या घरची बाग. कारंज्यापाशी एक तरुणी उभी आहे. तिच्यासमोर आशियातल्या मोहिमेवरून नुकताच परतलेला, देखणा आणि घराण्याचा तोरा मिरवणारा एक अधिकारी आहे. हाताला दुखापत झाल्यामुळे तो काही दिवस याच घरात मुक्कामाला होता. आज त्याने धीर करून तिच्याजवळ मन मोकळं केलं आहे. ती ऐकते, लाजते, पण उत्तर देत नाही. हातातल्या काडीने वाळूत एक आकृती रेखाटते आणि निघून जाते. आकृती माशाची असते.

तरुण मार्कुस विनिसियस चक्रावतो आणि मामाकडे जातो. मामा म्हणजे पेट्रोनियस, सम्राट नीरोच्या दरबारातला सर्वांत रसिक, सर्वांत चतुर माणूस. मासा म्हणजे काय, हे त्यालाही सांगता येत नाही. ज्या रोमला जगातली प्रत्येक भाषा, प्रत्येक देव, प्रत्येक मसाला ठाऊक आहे, त्या रोमच्या दोन हुशार माणसांना आपल्याच शहरात राहणाऱ्या काही हजार लोकांची खूण वाचता येत नाही. हेन्रिक शेन्क्येविच या पोलिश लेखकाची ‘क्वो वादिस’ ही कादंबरी इथून सुरू होते आणि पुढची शेकडो पानं ती खूण वाचायला शिकण्याची गोष्ट सांगते.

ग्रीक भाषेत ‘मासा’ या शब्दाची अक्षरं ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरं ठरतात, म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ती खूण वापरली. तिचे पुरावे मात्र दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे आहेत. नीरोच्या काळात ती प्रचलित होती असं खात्रीने म्हणता येत नाही. लेखकाने घेतलेलं हे स्वातंत्र्य मला रास्त वाटतं, कारण त्याच्या गोष्टीचं सगळं सार त्या एका रेघेत आलं आहे.

वाळूत मासा काढणारी लिगिया तिहेरी परकी आहे. ती रोमन नाही. ओडर आणि व्हिस्तुला नद्यांच्या टापूत राहणाऱ्या लिगी टोळीच्या राजाची ती मुलगी. आपल्या लोकांनी रोमची सरहद्द ओलांडू नये म्हणून तिला लहानपणीच ओलीस दिलं गेलं आणि पुढे तिची कुणाला आठवण राहिली नाही. दुसरं म्हणजे ती ख्रिस्ती आहे, आणि हा पंथ रोमच्या लेखी एक किळसवाणी अंधश्रद्धा आहे. तिसरं, ती ज्या घरात मुलीसारखी वाढली ते घर कायद्याने तिचं नाही. ओलीस म्हणून ती सम्राटाची आहे. पेट्रोनियस भाच्याच्या हट्टापायी दरबारात एक शब्द टाकतो आणि दुसऱ्याच दिवशी शिपाई दारात येतात. ज्याने तिला वाढवलं त्या ऑलस प्लॉटियसचा ब्रिटनच्या विजयात मोठा वाटा होता. तरीही आपल्या घरातली मुलगी थांबवणं त्याच्या हाती नसतं. इतक्या वर्षांचा जिव्हाळा एका हुकमापुढे कसा लटका ठरतो, हे शेन्क्येविच दहा-बारा पानांत दाखवतो. कुणी परका आपल्यात सामावला गेला आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणाच्या मर्जीवर टिकून असतं, हा प्रश्न कादंबरी तिथेच विचारते.

हा प्रश्न त्या लेखकाला का सुचला, हे त्याच्या देशाकडे पाहिलं की कळतं. कादंबरी छापली जाऊ लागली त्या १८९५ साली पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. वॉर्सा रशियाकडे, पोझ्नान प्रशियाकडे आणि क्राकूव ऑस्ट्रियाकडे होतं. रशियन आणि प्रशियन मुलखात शाळांतून पोलिश भाषा हुसकावली जात होती आणि कॅथलिक चर्चवर दडपण होतं. पोलिश माणूस आपल्याच गावात, आपल्याच घरात परका झाला होता. १८४६ साली रशियाच्या अमलाखालच्या व्होला ओक्षेयस्का या खेड्यात जन्मलेला शेन्क्येविच याच हवेत वाढला. तरुणपणी तो अमेरिकेत जाऊन राहिला. पोलिश कलावंतांच्या एका गटाला कॅलिफोर्नियात वसाहत करायची होती. ते स्वप्न फार टिकलं नाही, पण परदेशात परका म्हणून जगणं काय असतं हे त्याला तिथे कळलं. परतल्यावर त्याने सतराव्या शतकातल्या पोलंडच्या लढायांवर तीन प्रचंड कादंबऱ्या लिहिल्या. खचलेल्या मनांना उभारी द्यावी हा आपला हेतू त्याने उघड सांगितला होता. त्या कादंबऱ्यांनी तो घराघरांत पोहोचला.

मग तो एकदम रोमकडे वळला, आणि हे वळण वाटतं तितकं अचानक नव्हतं. १८९३ साली रोममध्ये हेन्रिक शेमिराद्झ्की या पोलिश चित्रकाराने त्याला आपिया रस्त्यावरचं एक लहानसं चर्च दाखवलं. त्या जागेची दंतकथा अशी आहे : छळाला कंटाळून, अनुयायांच्या आग्रहाखातर ख्रिस्ताचा शिष्य पेत्र रोम सोडून निघाला असताना वाटेत त्याला समोरून येणारा ख्रिस्त दिसला. प्रभू, कुठे चाललात, असं त्याने विचारलं. तू माझ्या लोकांना सोडून चालला आहेस म्हणून मी पुन्हा क्रुसावर जायला रोमला चाललो आहे, असं उत्तर आलं. पेत्र मागे फिरला. ही कथा बायबलमध्ये नाही. ती ‘पेत्राची कृत्ये’ या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथातली आहे. पेत्राच्या प्रश्नाचं लॅटिन रूप हेच कादंबरीचं नाव झालं. शेमिराद्झ्कीचं ‘नीरोच्या मशाली’ हे भव्य चित्र त्याआधीच, १८७६ साली, गाजलं होतं. राळ-डांबर फासून खांबांना बांधलेले ख्रिस्ती आणि बाजूला पालखीत सुस्तावलेला नीरो असं ते चित्र आहे. त्याने ते आपल्या देशबांधवांना भेट दिलं आणि त्यातून क्राकूवच्या राष्ट्रीय संग्रहालयाची सुरुवात झाली.

कादंबरी मार्च १८९५ पासून वॉर्साच्या ‘गझेता पोल्स्का’ या वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली. त्याच वेळी ती क्राकूव आणि पोझ्नानच्या वृत्तपत्रांतही छापली जात होती. तीन साम्राज्यांत विभागलेले लोक एकाच वेळी एकच गोष्ट वाचत होते. रशियन सेन्सॉरला रोमच्या गोष्टीत आक्षेपार्ह काही दिसण्याचं कारण नव्हतं. पोलिश वाचकाला मात्र एवढं पुरेसं होतं : साम्राज्याच्या राजधानीत आपल्या मुलखातली एक मुलगी ओलीस आहे आणि तिच्या मदतीला उर्सस नावाचा, मुठीने बैलाची मान मोडील असा, तिच्याच मातीतला सेवक आहे.

आता रोमकडे. रोमन समाज परक्या देवांच्या बाबतीत सहिष्णू होता हे खरं आहे. इजिप्तची इसिस, आशियातली महामाता यांची मंदिरं शहरात होती. पण त्यात एक अट होती. तुमचा देव तुम्ही ठेवा, आमच्या देवांनाही मान द्या आणि उत्सवांना या. ख्रिस्ती मंडळी नेमकी हीच अट पाळत नव्हती. ती उत्सवांना येत नसत, बळीचं मांस टाळत, रात्री-पहाटे भेटत, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत आणि एकत्र जेवत. यातून काय काय कंड्या पिकल्या असतील याची कल्पना करता येते. लहान मुलांना मारून खातात, दिवे मालवून अनाचार करतात, असे आरोप पुढच्या शतकात तर सर्रास झाले. शेन्क्येविचच्या गोष्टीतही विहिरींत विष घालणारे आणि गाढवाचं डोकं पूजणारे अशा अफवांना ऊत येतो. परक्याबद्दलच्या अफवा सगळ्या काळांत साधारण याच साच्याच्या निघतात, हे वाचताना जाणवतं आणि अंगावर काटा येतो.

लिगियाला वाढवणारी पोम्पोनिया ग्रेसिना ही इतिहासातली बाई आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो की इ. स. ५७ मध्ये तिच्यावर ‘परदेशी अंधश्रद्धे’चा आरोप आला. जुन्या रिवाजाप्रमाणे न्याय करायला नवऱ्यालाच बसवलं गेलं आणि नातेवाइकांसमोर ऑलस प्लॉटियसने तिला निर्दोष ठरवलं. ती दीर्घकाळ शोकाची वस्त्रं नेसून जगली. ती ख्रिस्ती होती असं टॅसिटसने म्हटलेलं नाही. काही अभ्यासकांना तसं वाटतं आणि शेन्क्येविचने तो धागा उचलला. पेट्रोनियस, सम्राटाने टाकलेली प्रेयसी आक्टे, नीरोच्या मर्जीतला टिजेलिनस हे सगळे असेच टॅसिटसच्या पानांवरून उठून आलेले आहेत. लिगिया, उर्सस आणि ग्रीक ठकसेन किलोन ही मात्र लेखकाची निर्मिती.

आता प्रेमकथा. ही प्रेमकथा आहे हे पुष्कळ पानं पटत नाही, आणि ते तसंच असायला हवं. विनिसियसला लिगिया ‘हवी’ आहे, जशी एखादी मूर्ती हवी असते. राजवाड्यातल्या मेजवानीत तो दारूच्या नशेत तिच्यावर झडप घालतो आणि उर्सस तिला उचलून नेतो. दुसऱ्या दिवशी तिला त्याच्या घरी नेणारी पालखी वाटेत अडवली जाते आणि ती नाहीशी होते. ही बातमी घेऊन गुलाम परततात. त्यांतला सर्वांत म्हातारा गुलो पुढे होऊन बोलतो. विनिसियस लहान असताना याच गुलोने त्याला कडेवर खेळवलेलं असतं, म्हणून त्याला वाटतं, आपलं ऐकेल. विनिसियस समोरची जड दिवठाणी उचलून त्याच्या डोक्यात घालतो. म्हातारा जागीच मरतो.

नायकाच्या हातून असं कृत्य घडवण्याचं धाडस किती लेखक करतील? पण याशिवाय पुढचं सगळं पोकळ झालं असतं. ज्या माणसाला घरातला गुलाम माणूस म्हणून दिसत नाही, त्याला लिगिया कशी दिसणार?

शोधासाठी तो किलोनला कामाला लावतो. मासा म्हणजे काय हे शेवटी किलोनच हुडकून काढतो, कारण पैशासाठी तो कुठेही शिरू शकतो. शहराबाहेरच्या दफनभूमीत रात्री ख्रिस्ती लोक जमतात. तिथे वेश बदलून विनिसियस जातो आणि पेत्राला ऐकतो. एक म्हातारा कोळी, साध्या शब्दांत, आपण डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. यात तत्त्वज्ञान नाही, अलंकार नाहीत. उत्तमोत्तम वक्ते ऐकलेल्या विनिसियसला हेच अडतं : हा माणूस खोटं बोलत नाही. तरीही तो तिथून निघतो तो लिगियाला पळवून नेण्यासाठीच. सोबत क्रोटो नावाचा नामांकित मल्ल असतो. उर्सस क्रोटोला मारून टाकतो आणि विनिसियसचा हात मोडतो.

आता तो शत्रूंच्या ताब्यात आहे. तिबर नदीपलीकडची गरिबांची वस्ती, धुराने भरलेली खोली, निजायला साधी बाज. त्याला खात्री आहे की हे लोक आपला काटा काढतील, कारण त्याने तेच केलं असतं. पण ग्लॉकस नावाचा वैद्य त्याचं हाड बसवतो. उर्सस, ज्याच्या मुठीने हे झालं, तोच त्याला कढत कांजी आणून देतो आणि क्रोटोला मारल्याचं पाप लागलं म्हणून कष्टी होतो. लिगिया रात्र रात्र त्याच्या उशाशी बसते. कुणी त्याला उपदेश करत नाही. ते फक्त त्याची काळजी घेतात.

मला ही पानं कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची वाटतात. साधारणपणे आपण असं मानतो की परक्याला स्वीकारायचं की नाही हे घरमालकाने ठरवायचं असतं, दार त्याचं आणि उंबरा त्याचा. शेन्क्येविच ही मांडणी उलटी करतो. इथे रोमचा लाडका मुलगा परक्यांच्या खोलीत पडला आहे आणि त्याला स्वीकारायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे. ते त्याला स्वीकारतात. पण त्यामुळे तो आपल्या जुन्या जगातून उठतो. बरा होऊन घरी परततो तेव्हा गुलाम त्याच्या पश्चात मेजवानी झोडताना सापडतात. ते भीतीने गार होतात, आणि तो त्यांना माफ करतो. लिगियाला रोममध्ये जागा मिळण्याआधी विनिसियसला रोममधली आपली जागा सोडावी लागते. कादंबरीचं म्हणणं माझ्या समजुतीप्रमाणे हेच आहे, आणि ती ते व्याख्यान न देता घडवून दाखवते.

इ. स. ६४ च्या जुलैत, १८ तारखेच्या रात्री, सर्कस मॅक्सिमस या शर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांना आग लागली. ती सहा दिवस धुमसली, विझली असं वाटत असतानाच पुन्हा भडकली. टॅसिटसच्या हिशेबाप्रमाणे रोमच्या १४ विभागांपैकी फक्त चार वाचले, तीन पूर्ण भुईसपाट झाले आणि सातांमध्ये जळके अवशेष उरले. आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियमला होता. कादंबरीत तो हुकूम देऊन आग लावतो. इतिहासात हे सिद्ध नाही. टॅसिटसनेच दोन्ही शक्यता नोंदवल्या आहेत, आणि नीरोने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्याचे भाव उतरवले हेही सांगितलं आहे. अफवा मात्र थांबेनात. तेव्हा कुणावर तरी बोट ठेवणं भाग होतं. ते ख्रिस्ती लोकांवर ठेवलं गेलं. त्यांना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, क्रुसावर दिलं, रात्री दिव्यांसारखं जाळलं. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्कारच आहे. तरीही तो लिहून जातो की लोकांना त्यांची कीव येऊ लागली, कारण सार्वजनिक हितासाठी नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्यापायी ते मारले जात आहेत असं वाटू लागलं. या छळाची हकिगत कितपत खरी यावर अलीकडे काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे. शेन्क्येविचने टॅसिटसचा शब्द प्रमाण मानला आणि त्यातही ‘कीव’ या एका नोंदीवर कादंबरीचा उत्तरार्ध उभा केला.

बोट दाखवणाऱ्यांत किलोन पुढे असतो, आणि किलोनपाशी थांबायलाच हवं. हा माणूस वरवर विनोदी वाटतो. भुकेला, बडबड्या, तत्त्वज्ञानाच्या बाता मारणारा. पण त्याचं जुनं कर्म भयंकर आहे. प्रवासात त्याने ग्लॉकसला दरोडेखोरांच्या हाती दिलं, त्याच्यावर सुरा चालवला आणि त्याच्या बायको-मुलांना गुलाम म्हणून विकलं. ग्लॉकस मात्र वाचला. विनिसियसच्या उशाशी दोघे समोरासमोर येतात तेव्हा ग्लॉकस त्याला ओळखतो. आणि माफ करतो. हे पाहणाऱ्या विनिसियसच्या डोक्यात काहीच शिरत नाही.

पुढे किलोन लिगियाच्या नव्या घराचा पत्ता घेऊन विनिसियसकडे येतो आणि घराला वेढा घालून तिला पकडून देण्याचा सौदा मांडतो. विनिसियस आता तो माणूस राहिलेला नाही. पण पुरता बदललेलाही नाही, म्हणून तो किलोनला चाबकाने फोडून काढायला सांगतो. त्या फटक्यांचा डंख किलोनच्या मनात राहतो. आगीनंतर तोच ख्रिस्ती लोकांची नावं आणि ठिकाणं दरबाराला देतो, आणि त्यांत ग्लॉकसही असतो.

शेवटी नीरोच्या बागा येतात. रात्र झाली आहे, खांबांवर माणसं बांधली आहेत, मशाली पेटवल्या जात आहेत. किलोन आता मानाचा माणूस आहे, नीरोच्या लवाजम्यात आहे. चालता चालता एका खांबापाशी ज्वाळा वर चढतात आणि धुराआडून एक चेहरा त्याच्याकडे पाहताना दिसतो. तो ग्लॉकस आहे, अजून जिवंत. किलोन ओरडतो, ख्रिस्ताच्या नावाने क्षमा मागतो. सगळे स्तब्ध होतात. खांबावरचं डोकं किंचित हलतं आणि क्षमेचा शब्द ऐकू येतो.

मग किलोन जमिनीवर कोसळतो, डोक्यावर माती टाकून घेतो, उठतो, आणि जमलेल्या गर्दीसमोर नीरोकडे बोट करून हाच आग लावणारा आहे असं गरजतो. आयुष्यभर इतरांची नावं विकणारा माणूस पहिल्यांदा खरं नाव घेतो. त्याच रात्री प्रेषित पौल त्याला त्या बागेतल्या कारंज्याच्या पाण्याने बाप्तिस्मा देतो. पुढे त्याची जीभ उपटली जाते, त्याला क्रुसावर दिलं जातं आणि तो शांतपणे मरतो. हे वाचल्यावर समजतं की परक्याला स्वीकारण्याचे सोपे प्रसंग शेन्क्येविचला पुरेसे वाटत नव्हते. सुंदर, निष्पाप लिगियाला जवळ करणं कुणालाही जमेल. ज्याने तुमची मुलं विकली त्याला जवळ करता येतं का, इथपर्यंत त्याला जायचं होतं. मी तरी या प्रसंगाच्या तोडीचं फार थोडं वाचलं आहे.

आखाड्यातला प्रसंग चित्रपटांमुळे सर्वांत प्रसिद्ध झाला. रानबैलाच्या शिंगांना बांधलेली लिगिया, त्याची शिंगं धरून वाळूत घोट्यापर्यंत रुतलेला उर्सस, हळूहळू मुरगळली जाणारी ती मान. विनिसियस आखाड्यात उडी घेतो, अंगरखा फाडून छातीवरचे युद्धातले व्रण लोकांना दाखवतो, आणि रक्त पाहायला आलेली गर्दी अभयदान मागू लागते. प्रसंग थरारक आहे, पण मला तो किलोनच्या प्रसंगाच्या मानाने उथळ वाटतो. गर्दीने इथे परक्याला स्वीकारलं ते त्याच्या बळासाठी.

पेट्रोनियस मात्र या कादंबरीत स्वीकार नाकारणारा माणूस आहे, आणि तोच तिच्यातलं सर्वांत जिवंत पात्र आहे. त्याला ख्रिस्ती लोकांचं मोठेपण दिसतं, भाच्याचा आनंद दिसतो. पण ज्यांची घाण येते, जे कुरूप आहेत, अशा सगळ्यांवर प्रेम करा ही गोष्ट आपल्याला जमणार नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. मरण अटळ दिसू लागल्यावर तो कुमी गावी मेजवानी देतो आणि नीरोला पत्र लिहितो. त्यात तो सम्राटाच्या खुनांबद्दल नव्हे, तर त्याच्या भिकार कवितांबद्दल त्याला झोडपतो. मग तो शिरा कापून घेतो. युनिस ही त्याची एकेकाळची दासी, आता प्रिया, आपण होऊन त्याच्याबरोबर जाते. त्याचं मरण थोडंफार असंच टॅसिटसने वर्णिलं आहे. एका ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती न होणाऱ्या माणसाला इतक्या जिव्हाळ्याने रंगवावं, यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

उणिवा ठळक आहेत. लिगिया सुरुवातीनंतर क्रमाक्रमाने पुसट होत जाते. वाळूत मासा काढणाऱ्या मुलीला स्वतःचं मन होतं, पुढची लिगिया बहुतेक वेळ तापात, कैदेत किंवा कुणाच्या तरी खांद्यावर असते. ख्रिस्ती मंडळींतही कडक, शापवाणी उच्चारणारा क्रिस्पस सोडला तर मतभेद फारसे नाहीत. रोम सगळं सडलेलं आणि दफनभूमी सगळी पवित्र, अशी विभागणी जागोजागी खटकते. याच जातीच्या ‘बेन हर’ (१८८०) आणि ‘द रोब’ (१९४२) या कादंबऱ्यांतही हा दोष आहे. पुढे ख्रिस्ती ऐतिहासिक प्रणयकथा हा अमेरिकेत मोठ्या खपाचा प्रकार झाला. त्यातल्या पुष्कळ कथांमध्ये बाहेरची मुलगी, तिला नाकारणारं गाव आणि हळूहळू उघडणारी मनं एवढं शिल्लक राहिलं. स्वीकारणाऱ्याला काय मोजावं लागतं, हा भाग गळून गेला.

कादंबरीचं नशीब विलक्षण होतं. १८९६ साली जेरेमाया कर्टिनचं इंग्रजी भाषांतर बॉस्टनमध्ये निघालं आणि अमेरिकेत तडाखेबंद खपलं. पन्नासहून अधिक भाषांत ती गेली. १९०५ साली शेन्क्येविचला साहित्याचं नोबेल मिळालं. तेव्हाही त्याचा देश नकाशावर नव्हता. १९१३ साली इटलीत तिच्यावर भव्य मूकपट झाला. १९५१ च्या हॉलीवूड चित्रपटात पीटर उस्तिनोवने साकारलेला नीरो आजही आठवला जातो. लेखक १९१६ साली स्वित्झर्लंडमध्ये वारला, स्वतंत्र पोलंड त्याने पाहिलाच नाही. १९२४ साली त्याच्या अस्थी वॉर्साच्या कॅथीड्रलमध्ये आणल्या गेल्या.

पोलंडमधल्या पिढ्यांनी शेन्क्येविच लहानपणीच वाचला. त्या पिढ्यांतली काही माणसं आपल्या दारी आली होती, हे इथे सांगायला हवं. १९४० च्या सुमारास सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. त्यातून सुटलेले काही जण इराणमार्गे भारतात पोहोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं होती. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. छावणी उठली तेव्हा मुलं मोठी होऊन जगभर पांगली. त्यांतले कित्येक म्हातारपणी कोल्हापूर पाहायला परत आले. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे.

‘क्वो वादिस’ हाती घ्याल तर काही गोष्टी सांगतो. इंग्रजीतून वाचणार असाल तर कर्टिनचं भाषांतर सहज मिळतं, पण त्याची भाषा जड आहे. कुनिचाकचं १९९३ चं भाषांतर जास्त वाहतं. पहिली शंभर पानं मेजवान्या, न्हाणीघरं आणि दरबारी गप्पांत रेंगाळतात, तिथे पुस्तक खाली ठेवू नका. आणि चित्रपट आधी पाहिला असेल तर उर्सस आणि बैल यांच्यासाठी घाई करू नका. ग्लॉकस आणि किलोन यांची गोष्ट सुरुवातीपासून नीट लक्षात ठेवत वाचा. या कादंबरीची खरी उंची तिथेच आहे.